एकोणीस नंबर

आकाशकंदील उतरायच्या आत
तो येऊन बसलेला असतो.
ऐरोलीच्या पुलावरून दक्षिणेला बघा,
खाडीत उभ्या टॉवरांच्या रांगेत एकोणीस नंबर,
वरून दुसरा आडवा हात, मुलुंडकडचा.

तीस वर्षं मी या तारांचा लाइनमन.
भरतीला होडी, ओहोटीला मांडीपर्यंत चिखल.
पहिली सात-आठ वर्षं त्याला घारच समजायचो,
जाडजूड, आळशी, करपलेली घार.
पण घारीला दम नसतो, हा बसतो.
आठला बसला की अकरापर्यंत
नुसती मान फिरते.
कावळे शेपटी ओढून जातात. बघतसुद्धा नाही.

मग एका हिवाळ्यात नाझनीन आली होडीत,
पक्षी मोजायला, उलट्या करत करत.
सावरली तेव्हा दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली:
ओल्या काथ्याचा रंग,
चोचीच्या मुळाशी हळदीची कड,
नाकपुडी गोल, खिळ्याने पाडल्यासारखी,
पायात थेट बोटांपर्यंत पिसांची विजार,
आणि पंखांवर पांढरे थेंब,
कुणीतरी चुन्याचा ब्रश झटकून गेल्यासारखे.
"पोर आहे हे, याच वर्षाचं," ती म्हणाली.
"थेंब दरसाल कमी होतील.
चार-पाच वर्षांनी कोरा काळा. ठिपक्यांचा गरुड म्हणतात,
नाव ठिपके असतानाचं, जन्मभर पुरतं."

कुठून येतो विचारलं.
सैबेरियाकडून, म्हणाली, जिथे झाडं दलदलीत उभी असतात.
"म्हणजे आमच्या तिवरांसारखीच."
"तिथे बर्फ पडतो, काका."
तरी मला ते फार लांब वाटलं नाही.

ऊन तापलं की उठतो,
पंखांची टोकं जराशी खाली सोडून
तुर्भ्याच्या कचऱ्यावरच्या गरम हवेत चढत जातो.
उतरतो तेव्हा खाली चांदवे एकमेकांना चिकटतात,
पाण्यावर काळा गोळा होतो नुसता.
एखादा मागे राहतो. राहतोच.
नाहीच मिळालं तर मेलेला बोईट पण चालतो,
गरुड म्हणून काही नखरा नाही.

परतताना नाझनीनने अंड्यांचं सांगितलं.
दोन घालते मादी. एक आधी फुटतं, दुसरं दोन-तीन दिवसांनी.
थोरलं धाकट्याला टोचत राहतं,
बहुतेक वेळा मरेपर्यंत.
"आणि आई?"
"घरट्यातच असते."

मी वल्हं उचलून घेतलं, उगाच.
आमचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड घणसोलीत निघाला
तेव्हा हसुराम एकवीसचा होता.
कागदावर कुठे अंगठा, कुठे सही, मी दाखवलं.
आय चुलीपाशी होती.
तो आता तळोज्याला भाड्याने राहतो,
माझ्या इमारतीला लिफ्ट आहे.
यातलं काही तिला सांगितलं नाही.

मार्चमध्ये जातो तो. निरोप वगैरे नाही,
एका सकाळी लोखंड नुसतं लोखंड असतं.
पुढल्या साली थेंब जरा पुसट.
त्याच्या पुढल्या साली मोजता येतील इतके.
माझी नोकरी संपली त्या हिवाळ्यात
एकही नव्हता, आणि मला वाटलं
ओळख पटायला आता खूणच उरली नाही.
पण जागा तीच. वरून दुसरा हात.

यंदा पुलावर फिरायला गेलो तर दोघं.
वर तो, काळा.
खालच्या हातावर एक नवं, थेंबांनी भरलेलं,
पंख सुकवायला अर्धे उघडून बसलेलं.
मी थांबलो, आता काही होईल म्हणून.
पाऊण तास थांबलो.
मागून डंपर जात होते, कठडा थरथरत होता.
वरचा हलला नाही. खालचापण नाही.

मग हसुरामला फोन लावला,
कधी नव्हे ते.
भरती कितीला, विचारलं.
मला पाठ असते हे त्याला माहीत आहे.
"आज बीज ना," तो म्हणाला. "दीडला."
आणि कुणीच फोन ठेवला नाही,
बराच वेळ.